कर्जाचा कागद माजघरात आणा



शेतकरी कर्जात का बुडतो, या प्रश्नाचे उत्तर आपल्या चळवळीने केव्हाच दिले आहे. तो आळशी आहे म्हणून नाही, अडाणी आहे म्हणून नाही, पोरीच्या लग्नात बँड लावतो म्हणून तर मुळीच नाही. पिकवायला येणारा खर्चसुद्धा भावातून भरून निघू नये अशी व्यवस्था करून ठेवली आहे, म्हणून तो कर्जात आहे. भाव पडला की बाजाराचा नियम आठवतो आणि भाव चढू लागला की सरकारचा हात आडवा येतो. फार मागे जायला नको. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने कापसावरचा ११ टक्के आयातकर काढला आणि ती सवलत पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आपला कापूस वेचून घरात यायचा आणि विकायचा काळ. त्या हंगामासाठी लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर होता. जाहीर भाव गॅझेटात राहतो. दारात येतो तो खेडा खरेदीवाल्याचा काटा.

तेव्हा कर्ज हे आपले पाप नाही. हे मनाशी पक्के धरूनच पुढचे वाचावे. कारण पुढे जे सांगायचे आहे ते घरातले आहे. ते वाचून कोणाला असे वाटू नये, की चळवळही आता शेतकऱ्याला काटकसरीचे धडे द्यायला निघाली.

सांगायचे ते एवढेच. सरकारशी भांडायला आपण हजारोंनी एकत्र येतो. पण सावकारासमोर, बँकेच्या साहेबासमोर, हप्ता मागायला आलेल्या पोऱ्यासमोर घरातला एकच माणूस उभा असतो, आणि तोही मान खाली घालून. त्याच्या बायकोला पुरता आकडा माहीत नसतो, म्हाताऱ्या बापाला मुद्दाम सांगितलेला नसतो, कॉलेजातल्या पोराला विचारायची चोरी असते. हे कर्ज घराने मिळून उघड्यावर आणले पाहिजे आणि मदत मागायलाही घराने मिळून गेले पाहिजे. हे झाले नाही तर सरकारी योजना येतील आणि जातील, कायदे होतील, मोर्चे निघतील, आणि माणूस मात्र एकटाच राहील.

घर एक, कर्जे पाच

समजा, एक पाच एकरांचे कोरडवाहू घर आहे. तीन एकर पऱ्हाटी, तिच्यात तुरीची तासे, एक एकर ज्वारी, एक एकर सोयाबीन. घरधन्याच्या डोक्यात तीन आकडे आहेत : सोसायटीचे १,२०,००० रुपये, कृषी केंद्राची उधारी ३८,०००, आणि सावकाराचे शेकडा तीन रुपये महिन्याने घेतलेले ६०,०००. त्याच्या लेखी घरावर २,१८,००० रुपये कर्ज आहे. घरधनिणीच्या डोक्यात आणखी दोन आकडे आहेत. गटातून घेतलेले फायनान्स कंपनीचे ४०,०००, ते पोराच्या फीला गेले. सोने गहाण ठेवून आणलेले ३५,०००, ते सासूच्या दवाखान्याला गेले. सोन्याचे तिने घरी सांगितले आहे, पण किती आणले ते नाही. म्हणजे खरे कर्ज २,९३,००० आहे, आणि हा आकडा त्या घरात एकालाही ठाऊक नाही.

आता यातले एकच कर्ज पाहा. सावकाराचे ६०,०००. शेकडा तीन म्हणजे महिन्याला १,८००, वर्षाला २१,६०० रुपये. टक्क्यांत सांगायचे तर वर्षाला ३६ टक्के. महाराष्ट्रात शेतकऱ्याला दिलेल्या कर्जावर परवानाधारक सावकाराने किती व्याज घ्यावे हे २०१४ च्या अधिसूचनेने ठरवून दिले : तारण असेल तर वर्षाला ९ टक्के, तारण नसेल तर १२ टक्के. १२ टक्क्यांनी ६० हजारांचे वर्षाचे व्याज ७,२०० रुपये होते. वरचे १४,४०० रुपये नुसती लूट आहे. कापूस ७,२०० रुपयांनी विकला असे धरले, तर पूर्ण दोन क्विंटल कापूस त्या लुटीत जातो. घरच्या बाईने किती दिवस वाकून तो वेचला असेल, हे तिला सांगावे लागत नाही. पण तो कुठे गेला, हे तिला कोणी सांगत नाही.

दुसरीकडे सोसायटीचे कर्ज. राज्यात २०२१ पासून डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर शून्य टक्के व्याज पडते. मुदत चुकली की सवलत गेली, खाते थकीत झाले आणि पुढच्या मृगात सोसायटीचे दार बंद. आणि होते काय? सोसायटी दारात येऊन ओरडत नाही, सावकार ओरडतो. म्हणून आधी सावकाराचे भागवले जाते आणि सोसायटी थकते. किंवा मार्चअखेर सावकाराकडून आठ दिवसांसाठी पैसे उचलून सोसायटीचे नवे-जुने केले जाते. स्वस्त कर्ज जिवंत ठेवायला महाग कर्ज, आणि महाग कर्ज भागवायला स्वस्त कर्जाचा बळी! हा गुंता एकट्याच्या डोक्यात सुटत नाही. कागदावर पाच ओळी मांडल्या की निदान दिसतो.

लपवण्याचा फायदा कोणाला?

कर्ज लपवणारा माणूस वाईट नसतो. नवरा सांगत नाही, कारण बायकोला घोर लागेल. बायको गटाचे सांगत नाही, कारण नवरा आधीच वाकला आहे. पोरगा मोटारसायकलचा थकलेला हप्ता सांगत नाही, कारण बापाचे तोंड पाहवत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या मायेपोटी गप्प बसतो.

पण या गप्प बसण्यावर कोणाचे पोट भरते ते पाहा. सावकाराचे भरते. कोऱ्या स्टँप पेपरवर सही घेणारा, कर्जाच्या बदल्यात शेताचे खरेदीखत करून घेऊन ‘पैसे दिले की वावर परत’ असे तोंडी सांगणारा, हा माणूस नेहमी एकट्यालाच बोलावतो. चार माणसांत व्यवहार करायला तो तयार नसतो. ‘घरी कशाला सांगता, आपल्या दोघांतली गोष्ट’ हे त्याचे आवडते वाक्य. जो व्यवहार माजघरात सांगता येत नाही, तो व्यवहार करू नये, ही कसोटी प्रत्येक घराने लावावी.

आपल्या मुलखाला कागदाची ही दहशत नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुण्याजवळच्या सुपे गावात शेतकरी सावकारांवर उठले, आणि बघता बघता पुणे व नगर जिल्ह्यांत लोण पसरले. त्या दंग्यांत लोकांचा मुख्य रोख होता तो सावकाराच्या दप्तरावर, कर्जरोख्यांवर. रोखे मागून घ्यायचे आणि जाळायचे. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, आणि कागदावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता कागदामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टांना मिळाला. त्या शेतकऱ्यांनी कागद जाळले. आपल्याला आज कागद जपायचे आहेत. आज कायद्यात जो काही आधार आहे तो ज्याच्याजवळ पुरावा आहे त्यालाच मिळतो.

सरकार घर मोजते, आपण मोजत नाही

एक गंमत बघा. आपण कर्ज नवऱ्याचे वेगळे आणि बायकोचे वेगळे ठेवतो, पण देणारे आणि माफ करणारे मात्र घर एक धरतात. २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली तेव्हा दीड लाखाची मर्यादा माणसाला नव्हे तर कुटुंबाला होती. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि १८ वर्षांखालील मुले. नवऱ्याचे एक खाते आणि बायकोचे दुसरे, हे ज्या घरांत आपसांत बोललेले नव्हते तिथे अर्ज भरतानाच भांडणे झाली. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांतही मायक्रोफायनान्सचे कर्ज घराच्या उत्पन्नावर मोजतात. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला विनातारण दिलेले कर्ज ते मायक्रोफायनान्स. आणि त्या घरावरच्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. हा नियम घराच्या बाजूचा आहे. पण घरावर एकूण हप्ते किती, हे घरालाच माहीत नसेल तर नियम कोणी मोडला हे सांगणार कोण?

कर्जमाफ्यांचा अनुभवही हेच सांगतो. १९९० मध्ये दहा हजारांपर्यंतची माफी झाली. २००८ च्या माफीत दोन हेक्टरांची अट घातली आणि कोरडवाहूचा सात-आठ एकरवाला कास्तकार ‘मोठा शेतकरी’ ठरवून बाहेर ठेवला. २०१५ मध्ये परवानाधारक सावकारांचे कर्ज सरकारने भरायचे ठरवले, तर सावकाराने आपल्या परवान्याच्या क्षेत्राबाहेर दिलेले कर्ज सुरुवातीला त्यात बसेना. विदर्भातले कितीतरी कास्तकार त्यामुळे अडकले. २०१९ ची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना दोन लाखांपर्यंत होती. प्रत्येक वेळी अटी वेगळ्या, तारखा वेगळ्या. संपूर्ण कर्जमुक्तीची आपली मागणी आहे आणि राहील. पण मुंबई-दिल्लीच्या निर्णयाकडे डोळे लावून खाते थकवत बसणे ही मागणी नव्हे, तो जुगार आहे, आणि बहुतेक वेळा तो घराला न विचारता खेळला जातो.

वही काढा

आता करायचे काय? पोरांच्या शाळेची जुनी वही घ्या. एका रात्री जेवणे झाल्यावर घरातली सगळी मोठी माणसे माजघरात बसा. म्हाताऱ्यांना वगळू नका, पंधरा-सोळा वर्षांच्या पोरापोरींनाही बसवा. आकडेमोड तीच चांगली करतील. पहिल्या दिवशी एकच नियम पाळा : कोणी कोणाला ‘कशाला घेतले’ म्हणून विचारायचे नाही. ते विचारले की पुढचा आकडा बाहेर येणार नाही.

वहीत पाच रकाने आखा : कोणाचे, मुद्दल किती, व्याज कसे, आजवर किती फेडले, आणि कागद काय आहे. सोसायटी, बँक, कृषी केंद्र, सावकार, फायनान्स, गट, सोने, पाहुण्यांचे हातउसने, सगळे लिहा. सोसायटीकडून आणि बँकेकडून खातेउतारा मागा. सातबारा काढून ‘इतर अधिकार’ या रकान्यात कोणाकोणाचा बोजा चढलेला आहे ते वाचा. फेडलेल्या कर्जाचा बोजा वर्षानुवर्षे तसाच राहिलेला आढळतो आणि तो नव्या कर्जाला आडवा येतो. शेतीचे खरेदीखत लिहून दिले असेल तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून त्याची नक्कल काढा. कोरे चेक, कोरे स्टँप कोणाकोणाजवळ आहेत तेही लिहा.

मग क्रम लावा. पोटाचे आणि पुढच्या पेरणीचे आधी बाजूला काढा. ज्या घरात ज्वारी आहे त्या घराला सावकाराच्या दारात जायची वेळ दोन महिने उशिरा येते, हे आपल्या बायांना पुरते ठाऊक आहे. रानडुकरांच्या त्रासाने ज्वारी सोडली असेल, तर दाणे आणि कडबा विकत घेण्याचा खर्चही वहीत धरा. त्यानंतर, जे कर्ज मुदतीत फेडले तर स्वस्त राहते ते सांभाळायचे. जे बेकायदा महाग आहे त्याला कायद्याने अडवायचे. आणि ज्याने अडल्यावेळी बिनव्याजी दिले त्याला तोंड चुकवायचे नाही, तारीख सांगायची. असा शेजारी किंवा पाहुणा सावकार नव्हे. त्याच्यावर सावकारीचा खोटा अर्ज करणे हे आपल्याच हाताने आपला आधार तोडणे आहे.

मदत मागायला दोघांनी जा

सावकाराबद्दल. १६ जानेवारी २०१४ पासून महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कर्जदाराला दमदाटी करणे, त्याचा पाठलाग करणे हाही गुन्हा आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, हा दामदुपटीचा जुना नियमही आपल्या बाजूने आहे. अमुक माणसाला परवाना आहे की नाही, हे तालुक्याच्या सहायक निबंधक कचेरीत कळते. सावकारीच्या व्यवहारात खरेदीखत करून वावर घेतले असेल, तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो; ते चौकशी करतात, आणि व्यवहार खरोखर विक्रीचा नसून कर्जाचा होता असे ठरले तर खरेदीखत रद्द करून जमीन परत देण्याचा आदेश करू शकतात. या अर्जाला कायद्याने मुदत घातलेली आहे, म्हणून ‘बघू पुढच्या साली’ म्हणत बसू नका. व्याज दिल्याची चिठ्ठी, बँकेतून पाठवलेली रक्कम, आजवर वावर कोण वाहतो हे सांगणारे शेजारी, हा सगळा पुरावा आहे.

बँक आणि सोसायटीबद्दल. दुष्काळ, अतिवृष्टी, बोंडअळी यांनी पीक गेले आणि सरकारने नुकसान जाहीर केले, तर पीककर्जाचे पुनर्गठन मागता येते. पण समजून मागा : पुनर्गठन म्हणजे माफी नव्हे, पुढे ढकललेले हप्ते आहेत आणि त्यांवर व्याज आहे. सोसायटीच्या थकबाकीवर कलम १०१ ची नोटीस आली, तर ती घडी घालून आढ्याला खोचून ठेवू नका. तारखेला हजर राहा आणि हिशेब मागा.

फायनान्सबद्दल. मायक्रोफायनान्सच्या वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर येता येत नाही. शिवीगाळ, धमकी, पाहुण्यांना किंवा शेजाऱ्यांना फोन करून अब्रू काढणे, हे सगळे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी मना केले आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी अडून बसू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तेव्हा घरातल्या बाईचे ज्या व्यवहारात हक्क गुंतले आहेत तिथे अर्ज तिच्या नावाने करा. प्रत्येक जिल्हा न्यायालयात याची कचेरी आहे, फोन १५१००.

आणखी दोन गोष्टी, ज्या माहीत नसल्यामुळे माणसे रात्र रात्र जागतात. पहिली : दिवाणी कोर्टाच्या जप्तीत सगळे घर उचलून नेता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरीतीप्रमाणे बाईला उतरवता न येणारा दागिना, शेतकऱ्याची अवजारे, शेतीला लागणारी गुरे आणि बियाणे, आणि शेतकरी स्वतः राहतो ते घर, यांना जप्तीतून संरक्षण आहे. घर मुद्दाम गहाण दिले असेल तर मात्र गोष्ट वेगळी. दुसरी : बापाचे कर्ज फेडणे हे पोराचे धर्मकर्तव्य, या आधारावर पोरावर वसुली लावण्याची वाट २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने बंद केली. वारसाला बापाची जेवढी मालमत्ता मिळते तेवढ्यापुरतीच बापाच्या कर्जाची जबाबदारी येते. बायकोने सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नसेल, तर नवऱ्याच्या कर्जासाठी तिच्या स्वतःच्या कमाईवर हात टाकता येत नाही. म्हणूनच घाईघाईने कोणाची सही घेऊ नका, देऊ नका.

कचेरीत जाताना कधी एकटे जाऊ नका. नवरा-बायको जा, बाप-लेक जा, सोबत चळवळीचा एक माणूस घ्या. एकट्या कास्तकाराला ‘उद्या या’ म्हणणारा बाबू तीन माणसांपुढे अर्जावर पोच देतो. साहेबाशी बोलताना बाई जवळ असली तर बोलण्याची तऱ्हा बदलते, हा आपल्या कार्यकर्त्यांचा अनुभव आहे.

माणूस बोलेनासा झाला तर

१९८६ च्या १९ मार्चला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याचे अख्खे कुटुंब आपण गमावले. त्या आठवणीने दरवर्षी त्या दिवशी कितीतरी लोक अन्नत्याग करतात. तो उपवास धरावाच. पण जो अजून आपल्यात बसला आहे त्याच्याकडेही बघावे.

जेवणावरून उठून जाणारा, रात्री अंगणात येरझारा घालणारा, पोळ्याला बैल सजवायला न उठणारा, ‘आता माझ्यामागे तुम्ही बघा’ असे उगाच बोलून जाणारा माणूस घरात किंवा शेजारी असेल, तर त्याला सरळ विचारा. विचारल्याने मनात नसलेले भलते येत नाही. उलट मनातले बाहेर पडते. त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती द्या. गावच्या आशाताईला सांगा, जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजाराचे डॉक्टर आहेत त्यांच्याकडे घेऊन जा. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही फुकट बोलता येते. पाय मोडला तर खाटेवर घालून नेतो. मन मोडले तर लाजायचे का?

आणि हे स्पष्ट सांगितले पाहिजे : माणूस गेल्याने कर्ज जात नाही. ते वावरावर तसेच राहते, आणि ज्या बाईला जिवंतपणी आकडा सांगितला नव्हता तिलाच कचेऱ्यांच्या पायऱ्या चढून तो शोधावा लागतो. हिशेब जिवंत माणसाजवळच सुटतो.

लक्ष्मीमुक्तीच्या पुढचे पाऊल

९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला चांदवडला शेतकरी महिला लाखोंनी जमल्या, तेव्हा बाईच्या कष्टाचा हिशेब प्रथमच उघड्या मैदानात मांडला गेला. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि गावोगाव शंभर-शंभर घरांनी जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावे केला. १९९२ मध्ये शासनानेही सातबारावर पत्नीचे नाव लावण्याचे परिपत्रक काढले. यवतमाळ जिल्ह्यातल्या रावेरीच्या सीतामंदिराचा जीर्णोद्धार झाला तोही याच विचारातून.

जमीन बाईच्या नावे करायला आपण शिकलो. कर्जाचा आकडा तिच्या कानावर घालायला अजून शिकलो नाही. तिला वावराची मालकीण म्हणायचे आणि वावरावरचा बोजा मात्र तिच्यापासून लपवायचा, ही कसली लक्ष्मीमुक्ती?

आता एक आक्षेप येणार, आणि तो खरा आहे. ‘सावकारावर अर्ज केला तर मृगात पैसे कोण देणार?’ या प्रश्नाचे सोपे उत्तर नाही. ज्याची सोसायटी थकली, ज्याचा सातबारा अजून बापाच्या नावावर आहे, त्याला जूनमध्ये सावकाराशिवाय वाली नसतो, हे आम्ही जाणतो. म्हणूनच अर्ज हे पहिले पाऊल नाही. वही हे पहिले पाऊल आहे. आधी सोसायटीचे खाते सुरू राहील असे बघा, वाटण्या-वारसाच्या नोंदी करून घ्या, बियाणे-खताची खरेदी चार घरे मिळून रोखीत करता येते का ते पाहा. आणि सावकाराविरुद्ध जायचेच तर एका घराने जाऊ नका, त्याच्या वहीत जितकी घरे आहेत तितक्यांनी मिळून जा. एका घराचे दाणापाणी तो तोडू शकतो. वीस घरांचे तोडले तर त्याचाच धंदा बसतो.

दुसरा आक्षेप कार्यकर्त्यांचा : घरातले हिशेब चव्हाट्यावर आणून चळवळीचे काय भले होणार? भले असे, की रास्त भावाची आपली मागणी आजवर आपण भाषणांत मांडली, ती आता घराघरांच्या वहीतून मांडू. पिकाला किती लागले, हाती किती आले आणि तूट कोणत्या कर्जाने भरली, हे शंभर घरांनी लिहून काढले, तर ‘शेतकरी उधळ्या आहे’ म्हणणाऱ्या इंडियातल्या शहाण्यांना भारतातून मिळालेले ते सर्वांत चोख उत्तर होईल. नावे झाकून आकडे मांडता येतात. लाज वाटायचीच असेल तर ती हे आकडे घडवणाऱ्यांना वाटली पाहिजे.

तेव्हा या बैठकीहून घरी गेलेल्या प्रत्येकाने आठ दिवसांच्या आत वही घालावी. ज्याला जमत नाही त्याच्या घरी शेजारच्याने जाऊन बसावे. गावात दहा वह्या झाल्या की देवळात किंवा शाळेत बैठक घ्यावी, बायकांना आधी बोलवावे, आणि कोणाच्या अर्जाला कोण सोबत जाणार हे तिथेच ठरवावे. तालुक्याने पुढच्या जिल्हा बैठकीला येताना भाषणे कमी आणावीत; किती घरांनी वही घातली, किती अर्ज दिले, किती पोच मिळाल्या, एवढे आणावे.